डाऊनसाहेबांचा नातू

जगरहाटीबाहेर वागणाऱ्या गोविंदप्रभूंना ज्या रिद्धपुराने डोक्यावर घेतले, तिथल्या माणसाला जॉन लँगडन डाऊन परके वाटू नयेत. जन्म १८२८ चा, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा. वडिलांचे औषधांचे दुकान. लंडनमध्ये डॉक्टर होऊन १८५८ साली ते मतिमंदांच्या अर्ल्सवूड आश्रमात रुजू झाले. बँकेत आम्ही अशा बदलीला शिक्षाच म्हणत असू!

१८६६ साली त्यांनी एका प्रकारच्या मुलांमधले साम्य टिपले. आज त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. मात्र चेहरे पाहून त्यांनी या मुलांचे नाते मंगोल वंशाशी जोडले, आणि ही चूक जवळजवळ शंभर वर्षे चालली. दोन वर्षांनी पत्नी मेरीसह त्यांनी नॉर्मन्सफील्ड हे या मुलांचे घर काढले. पुढे तिथे नाटकगृहही बांधले.

डाऊन यांना चेहरा दिसला, रक्त दिसणे शक्य नव्हते. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत १९५९ मध्ये जगापुढे आली. अशा काही गर्भांच्या यकृतात रक्तपेशी बनतानाच बिघाड होतो. सोनोग्राफीत यकृत-प्लीहा वाढलेली किंवा अंगात पाणी साचलेले दिसले, तर नाळेतले रक्त काढून तपासता येते. पाणी साचले असेल तर जिवावर बेतू शकते. एरवी हा विकार बहुधा जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप ओसरतो. थोड्या मुलांना मात्र पुढे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते. तोही औषधांना बऱ्यापैकी दाद देतो. रिपोर्ट हाती घेऊन बसलेल्या आईबापांना हे सारे कुणीतरी सांगायला हवे.

डाऊन १८९६ मध्ये वारले. १९०५ साली त्यांचा मुलगा रेजिनाल्ड याला मुलगा झाला. नाव आजोबांचेच, जॉन. त्यालाही डाऊन सिंड्रोम होता.