रंगाची ट्यूब पिळणारी बोटे

1950 सालच्या एप्रिल महिन्यात 72 वर्षांचा एक फ्रेंच चित्रकार अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतील बोस्टनमध्ये दाखल झाला. समुद्रकिनारे, शिडाच्या होड्या, घोड्यांच्या शर्यती आणि वाद्यवृंद यांच्या उजळ, हसऱ्या चित्रांसाठी तो जगभर ओळखला जात होता. पण ही चित्रे काढणाऱ्या हातांची बोटे आता वाकडी आणि ताठर झाली होती. रंगाची ट्यूब पिळण्याएवढाही जोर त्यांत उरला नव्हता आणि आधाराशिवाय चालणेही अवघड झाले होते. या चित्रकाराचे नाव राउल द्युफी. बोस्टनमध्ये त्यांच्यावर जे उपचार झाले, ते स्टेरॉइड औषधांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आहे. या औषधांनी त्यांना काय दिले आणि त्याची किंमत काय घेतली, हे समजून घेणे आजच्या रुग्णांनाही उपयोगी पडेल.

द्युफी यांचा जन्म 3 जून 1877 रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल हाव्र या बंदरात झाला. भावंडे बरीच आणि घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्यांना कॉफी आयात करणाऱ्या एका पेढीत नोकरी धरावी लागली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गावातील कलाशाळेचे वर्ग असा क्रम सुरू झाला. उजवा हात फारच सफाईदार चालतो आणि त्यामुळे चित्र उथळ होते, असे वाटून त्यांनी त्या काळात डाव्या हाताने काढण्याचा सराव केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. 1900 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले. तेथे 1905 साली मातीसचे चित्र पाहून त्यांची रंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पुढे त्यांनी पुस्तकांसाठी लाकडी ठसे कोरले, लिऑनच्या रेशीम गिरणीसाठी वर्षानुवर्षे कापडावरील नक्षी काढली. हातांना काम नाही, असा काळ त्यांच्या आयुष्यात नव्हताच.

या कामाचा कळस 1937 साली झाला. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील वीज दालनासाठी त्यांनी विजेच्या इतिहासावर भव्य चित्र रंगवले. 10 मीटर उंच, 60 मीटर लांब आणि 250 फळ्यांवर विभागलेले. प्राचीन तत्त्वज्ञांपासून आधुनिक संशोधकांपर्यंत सुमारे 110 व्यक्ती त्यात आहेत. आज ते पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. विज्ञानाचा एवढा मोठा गौरव रंगात क्वचितच कुणी केला असेल. मात्र याच सुमारास द्युफी यांचे सांधे दुखू लागले होते.

हा आजार म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस. बोलीभाषेत त्याला आमवात किंवा नुसताच संधिवात म्हणतात. पण वयोमानाने गुडघे झिजणे वेगळे आणि हा आजार वेगळा. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा यात वाट चुकते आणि सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला करते. अस्तराला सूज येते, ते जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरू लागते. बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच धरतात, हातांची लहान बोटे आधी सापडतात आणि सकाळी उठल्यावर तासन् तास ताठरपणा जात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात द्युफी दक्षिण फ्रान्समधील पर्पिन्यां येथे राहिले. तेथील डॉक्टर प्येर निकोलो त्यांच्यावर उपचार करत होते. त्या काळी डॉक्टरांच्या हाती होते ते ॲस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने, गरम पाण्याचे झरे आणि कोरडी हवा. वेदना थोडी कमी होई. आजार मात्र पुढे सरकतच राही. त्याआधी रन्वार या थोर चित्रकाराने याच आजाराशी अनेक वर्षे झुंज दिली होती. अखेरच्या काळात कुंचला त्याच्या हातात दुसऱ्याला ठेवून द्यावा लागे. 1919 मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा या आजारावर प्रभावी औषध दृष्टिपथातही नव्हते.

ते औषध आले अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून. तेथील डॉ. फिलिप हेंच यांनी 1929 पासून एक विलक्षण गोष्ट टिपून ठेवली होती. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा रुग्ण स्त्री गरोदर राहिली की सांधेदुखी काही काळ ओसरते. म्हणजेच हा आजार मागे परतवता येतो आणि परतवणारा पदार्थ शरीरातच तयार होत असावा. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल हे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून निरनिराळी संयुगे वेगळी करत होते. त्यातले एक संयुग 21 सप्टेंबर 1948 रोजी संधिवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली. हेच कॉर्टिझोन. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये याच विषयावर काम करणारे राइखस्टाइन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

द्युफी यांची अवस्था अमेरिकेतील एका नियतकालिकातून बोस्टनचे डॉ. फ्रेडी होम्बर्गर यांना समजली. त्यांनी पत्र लिहून नव्या उपचारांसाठी येण्याचे निमंत्रण दिले. औषध नवे, मिळण्यास दुर्मीळ, त्याचे दूरगामी परिणाम अज्ञात. तरीही द्युफी निघाले. बोस्टनच्या ज्यूइश मेमोरियल रुग्णालयात त्यांना कॉर्टिझोन आणि अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक देण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांची बोटे हलू लागली. रंगाची ट्यूब त्यांना स्वतःच्या हाताने पिळता येऊ लागली. पाठोपाठ चालणे सुधारले आणि त्यांनी पुन्हा चित्रे काढायला सुरुवात केली. फुलांच्या एका चित्राला त्यांनी नावच दिले ‘ला कॉर्टिझोन’.

हा चमत्कार नव्हता. त्यामागे जीवरसायन होते. स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आत शिरतो, तेथील ग्राहक प्रथिनाला चिकटतो आणि त्याच्यासह पेशीकेंद्रात जातो. तेथे तो दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन मंदावतो. सूज उतरते, वेदना कमी होते, ताठरपणा जातो. पण हाच रेणू शरीरातील जवळजवळ प्रत्येक अवयवाशी बोलतो. त्यामुळे मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेतल्यास चेहरा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतुसंसर्ग बळावतो. जोडीला ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके असतील, तर जठर आणि आतड्यातून रक्तस्राव होण्याचा धोका अधिक वाढतो. द्युफी यांनाही दुष्परिणाम चुकले नाहीत. पचनमार्गातील रक्तस्राव हा त्यांतला सर्वांत गंभीर. पुढे 1979 साली होम्बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या उपचारांची हकीकत सविस्तर मांडली.

बोस्टननंतर कोरड्या हवेसाठी द्युफी ॲरिझोनातील टूसॉन येथे राहिले आणि 1951 मध्ये मायदेशी परतले. आजार मुळापासून गेला नव्हता. औषधाने तो दाबून धरला होता. तरीही मिळालेला वेळ त्यांनी कामात घातला. 1952 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी ते कोरड्या हवेच्या फोर्काल्किये या गावी राहायला गेले आणि तेथेच 23 मार्च 1953 रोजी, वयाच्या 75 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बोस्टनला पोहोचल्यापासून जेमतेम तीन वर्षे त्यांना मिळाली होती. त्यांपैकी बराच काळ त्यांच्या हातात कुंचला होता.

त्यांच्या आजाराचे एक कोडे नंतरही संशोधकांना खुणावत राहिले. 1988 मध्ये डेन्मार्कमधील दोन डॉक्टरांनी रुबेन्स, रन्वार, द्युफी आणि पाउल क्ले यांच्या चित्रांतील रंग तपासून शंका मांडली की, भडक रंगांतील पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांसारख्या घटकांचा त्यांच्या सांध्यांच्या व संबंधित आजारांशी संबंध असू शकेल. ही शंकाच राहिली. सिद्ध झालेली नाही. धूम्रपान आणि आनुवंशिकता यांचा या आजाराशी असलेला संबंध मात्र आज पक्का झाला आहे.

द्युफी यांच्यानंतर उपचारांचे चित्र पालटले. 1955 मध्ये प्रेडनिसोन आले. पुढे कमी मात्रेतील मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध ठरले आणि 1998 पासून दाहाच्या नेमक्या रेणूला अडवणारी जैविक औषधे मिळू लागली. आता स्टेरॉइडचे काम बहुधा पुलाचे असते. मुख्य औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेवढ्या काळापुरते ते कमीत कमी मात्रेत द्यायचे आणि मग हळूहळू उतरवायचे. यातील ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीराच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. गोळी एकदम बंद केली तर त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. मग कमालीचा थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जीवावर बेतते. दुष्परिणामांच्या धास्तीने परस्पर गोळ्या सोडणे आणि बरे वाटते म्हणून जुन्याच चिठ्ठीवर त्या घेत राहणे, या दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात. मात्रा कधी आणि किती उतरवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्या काळात हाडांची, साखरेची, रक्तदाबाची व डोळ्यांची तपासणी चुकवायची नसते.

द्युफी यांच्या डॉक्टरांजवळ ना मेथोट्रेक्सेट होते, ना मात्रा उतरवण्याचा पक्का अनुभव. त्यांच्यासारख्या पहिल्यावहिल्या रुग्णांनी जोखीम पत्करली, त्यांच्या नोंदी राहिल्या आणि त्यातूनच हा अनुभव पुढच्या पिढ्यांना मिळाला. संधिवाताचे निदान वेळेत झाले, तर आज अनेक रुग्णांची बोटे वाकडी होण्याआधीच वाचवता येतात.