सॅम्युएल पीप्स : नौदलाचा गाणारा कारभारी

पाढे पाठ होत नाहींत म्हणून रडकुंडीस येणारीं मुलें दरवर्षीं माझ्या वर्गांत असतात. त्यांना मी एका गृहस्थाची गोष्ट सांगत असतों. हा गृहस्थ केंब्रिजचा पदवीधर, इंग्लंडच्या नौदलाच्या कचेरींत मोठ्या हुद्यावर; तरीहि १६६२ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो एका जहाजावरील अधिकाऱ्यापाशीं बसून पाढे शिकला. पहाटे चार वाजतां उठून तो ते घोकीत असे, कारण सरकारी हिशेब आपणांस तपासतां येऊं नयेत याची त्यास लाज वाटली. त्याचें नांव सॅम्युएल पीप्स. परंतु आज मला त्याच्या हिशेबांविषयीं नव्हे, तर त्याच्या गाण्याविषयीं आणि मित्रमंडळीविषयीं लिहावयाचें आहे.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजीं लंडन येथें एका शिंप्याच्या घरीं झाला. लहानपणापासून त्यास मूतखड्याचा विकार होता. १६५८ च्या मार्च महिन्यांत, भूल देण्याची विद्या ठाऊक नसलेल्या त्या काळीं, त्यानें शस्त्रक्रिया करविली आणि चेंडूएवढा खडा बाहेर निघाला. अशा प्रसंगांतून वांचणारे थोडे असत. पीप्स वांचला, आणि पुढें त्या तारखेस मित्रांना घरीं जेवावयास बोलावण्याचा त्यानें नेम केला. जगल्याचा आनंद एकट्यानें भोगावा, हें त्याच्या स्वभावांतच नव्हतें.

१ जानेवारी १६६० पासून तो लघुलिपींत रोजनिशी लिहूं लागला. तिच्यामुळें त्याचें घर आपणांस आंतून पाहावयास मिळतें. ल्यूट, व्हायोल, बांसरीच्या जातीचें फ्लॅजोलेट अशीं वाद्यें तो वाजवी. पदांना चालीहि लावी. नोकर ठेवतांना त्याचा गळा कसा आहे इकडे त्याचें लक्ष असे. राजाच्या प्रार्थनामंदिरांत गाणारा एक मुलगा त्यानें मुद्दाम घरीं आणला होता. उन्हाळ्याच्या रात्रीं धनी, धनीण, दासी आणि हा मुलगा बागेंत चांदण्यांत बसून एकत्र गात. त्या घटकेपुरता तरी धनी-चाकर हा भेद मावळत असावा.

मात्र गाण्याच्या आणि नाटकांच्या नादांत कामाची हेळसांड होईल, ही भीति त्यास सतत असे. म्हणून मद्याविषयीं व नाटकांविषयीं तो शपथा घेई आणि शपथ मोडल्यास गरिबांच्या पेटींत दंड टाकी. शपथेंतून पळवाटा काढण्यांतहि तो पटाईत होता, हें वाचतांना हंसूं येतें. त्याचे याहून मोठे दोषहि झांकण्याचें कारण नाहीं. पत्नीशीं तो एकनिष्ठ राहिला नाहीं, आणि रागाच्या भरांत नोकरांवर त्यानें हात उगारला. हें सारें आपणांस ठाऊक आहे तें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें म्हणून.

या रोजनिशींत आपल्या मुंबईचेंहि नांव आहे. राणी कॅथरिनच्या आंदणांत हें बेट इंग्लंडच्या राजास मिळालें होतें. पण पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात, आणि बेट तर सांगितलें होतें त्याहून लहान व दरिद्री, अशी बातमी १६६३ सालीं त्यानें टिपून ठेविली आहे. मुंबईकर वाचकांनीं त्यास क्षमा करावी.

१६६६ च्या सप्टेंबरांत लंडन जळूं लागलें, तेव्हां आगीच्या वाटेंतील घरें पाडावीं असें राजास जाऊन सांगणारा हाच मनुष्य. त्या धांदलींत थेम्स नदीवर सामान भरून पळणाऱ्या होड्या पाहतांना, दर तीन होड्यांपैकीं सुमारें एकींत व्हर्जिनल नांवाचें पेटीसारखें तारवाद्य आहे, हें त्याच्या डोळ्यांनीं टिपलें. दुसऱ्या कोणास तें दिसलें असतें, असें मला वाटत नाहीं.

पुढें तेच डोळे दुखूं लागले. आपण आंधळे होणार अशा समजुतीनें ३१ मे १६६९ रोजीं त्यानें रोजनिशी थांबविली. दृष्टि गेली नाहीं. पण त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पत्नी एलिझाबेथ वारली. तिचें वय अवघें एकोणतीस होतें.

यानंतरची हकीकत शाळेंतील पुस्तकांत सहसा येत नाहीं. पीप्स नौदल खात्याचा सचिव झाला आणि १६७५ च्या सुमारास त्यानें सेझारे मोरेली नांवाचा गवई घरीं ठेविला. मोरेली रोमन कॅथॉलिक होता. १६७८ मध्यें कॅथॉलिकांच्या कटाची खोटी हूल उठून सारें लंडन पिसाळलें. शत्रूंना निमित्त मिळालें. कामावरून काढलेल्या एका बटलरनें साक्ष दिली कीं हा गवई वस्तुतः जेझुइट पाद्री आहे. धन्यावर फ्रान्सला आरमाराचीं गुपितें विकल्याचाहि आरोप आला, आणि १६७९ च्या मे महिन्यांत पीप्स टॉवरच्या तुरुंगांत पडला. ज्या संगीतानें घर भरलें होतें तेंच गळ्याशीं आलें.

मित्र या वेळीं उपयोगी पडले. जॉन एव्हलिन यानें हरणाचें मांस पाठविलें आणि तुरुंगांत जाऊन त्याच्यासह जेवण केलें. पीप्सनें आपल्या बचावाचे कागद त्याच चिकाटीनें जमविले, जिनें त्यानें पाढे पाठ केले होते. पुढल्या वर्षीं त्या बटलरनें मरणापूर्वीं आपली साक्ष खोटी असल्याचें कबूल केलें, आणि खटला ढासळला. मोरेलीला लंडन सोडून ब्रेंटवुड गांवीं राहावें लागलें. परंतु पीप्सनें त्याच्याशीं संबंध तोडला नाहीं. पत्रें चालू राहिलीं, आणि त्यांबरोबर गाणींहि.

पीप्स २६ मे १७०३ रोजीं वारला. त्याचे सुमारें तीन हजार ग्रंथ केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांत गेले. त्यांतच रोजनिशीचे सहा खंड होते. १८१९ ते १८२२ या काळांत जॉन स्मिथ नांवाच्या विद्यार्थ्यानें ती लिपि मोठ्या कष्टानें उलगडली. त्या लिपीचें पुस्तक त्याच ग्रंथालयांत आहे, हें त्या बिचाऱ्यास कोणी सांगितलें नाहीं. मोरेलीनें पीप्सच्या खर्जाच्या आवाजासाठीं गिटारीच्या साथीसह उतरून दिलेलीं गाणींहि तेथेंच आहेत.