गणितज्ञ महावीराचार्य आणि अंकांचा कंठहार

महावीराचार्य हे नाव कानी पडताच पुष्कळ श्रावकांना भगवंतांचेच स्मरण होते. परंतु हे आचार्य नवव्या शतकातील. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राजवटीत, सुमारे इ. स. ८५० मध्ये, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मालखेड. ग्रंथारंभी आचार्यांनी भगवान महावीरांना वंदन केले, सम्राटांची स्तुती केली. स्वतःविषयी मात्र जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्यांचे चरित्र त्यांच्या ग्रंथातूनच वाचावे लागते.

त्या काळी गणित बहुधा ज्योतिषग्रंथांतील एक-दोन अध्यायांत सामावलेले असे. आचार्यांनी ते वेगळे काढून त्याला स्वतंत्र ग्रंथ दिला. मुद्दल, व्याज व मुदत, भागीदारीतील नफ्याची वाटणी, निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटविल्यास येणारा कस, हे सारे त्यात आहे. आम्हा व्यापाऱ्यांना हा ग्रंथ परका वाटू नये! हिरा, नीलम, पाचू, पोवळे व मोती या पाच रत्नांतून हाराचे किती प्रकार होतील, असाही प्रश्न आहे, उत्तर ३१. अशा निवडींची संख्या काढण्याचा सर्वसाधारण नियमच त्यांनी सांगितला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी नोंदविले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र चुकीचे आहे. आदरापोटी ते झाकण्याचे कारण नाही.

संख्यांची त्यांना विलक्षण ओढ होती. त्यांनी चोवीस स्थानांची नावे दिली. शेवटचे महाक्षोभ, म्हणजे एकावर तेवीस शून्ये. काही गुणाकार तर त्यांनी कंठातील हारासारखे योजले, उजवीकडून वाचा वा डावीकडून, अंक तेच. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. सर्वांत देखणा हार १२३४५६५४३२१ हा. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा उतरणारी ही संख्या २७९९४६८१ व ४४१ यांच्या गुणाकाराने येते. यातली गंमत अशी की ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ बरोबर ११११११, म्हणजे सहा वेळा एक. त्याच संख्येचा वर्ग म्हणजे हा हार. अंकांची बेरीज ३६, तीही सहाचा वर्ग. विसाव्या शतकात देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) अशाच संख्यांत रमले व त्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये मद्रासला एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. आणि १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रकाशित झाला तो आपल्या सोलापुरातूनच, ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत, जैन संस्कृति संरक्षक संघातर्फे.