टपालवाहू वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट

अलास्का व कॅनडा यांच्या उत्तरेकडील हिमप्रदेशात, जेथे सडक नाही व आगगाडीही नाही, तेथे लहानशा विमानातून टपाल व औषधे पोहोचविणाऱ्या वैमानिकांची चरित्रे आम्ही कौतुकाने वाचतो. त्याच जातीचे कार्य आपल्या देशात ज्यांनी केले, त्यांत नेव्हिल व्हिन्सेंट यांची गणना प्रथम केली पाहिजे.

व्हिन्सेंट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. ब्रिटिश हवाई दलात नाव मिळवून १९२९ साली ते एका सहकाऱ्यासह हिंदुस्थानात आले व ठिकठिकाणी लोकांस आकाशाची सफर घडवू लागले. विलायतेचे टपाल त्या सुमारास विमानाने कराचीस येत असे. ते तसेच पुढे मुंबई व मद्रासेस न्यावे, ही योजना घेऊन ते जहांगीर टाटा यांजकडे गेले. जॉन पीटरसन यांनी तिचा पुरस्कार केला. सरकारने अनुदान नाकारले, तरी व्हिन्सेंट यांनी धीर सोडला नाही. अखेर १९३२ साली करार झाला.

दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आणले. तेथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीस व पुढे मद्रासेस गेले. नकाशावर मुंबईहून बेल्लारीस सरळ रेघ ओढली, तर ती आमच्या कुपवाडच्या पूर्वेकडील पठारावरून जाते. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली वाट दाखविणारा दिवाही नव्हता. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याला हलवावे लागे. तरीही पहिल्याच वर्षी या विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला.

पुढे महायुद्धात विमाने येथेच बांधावी, या खटपटीत ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासात, जानेवारी १९४२ मध्ये, त्यांचे विमान नाहीसे झाले. त्यांनी उभारलेल्या संस्थेस १९४६ साली एअर इंडिया हे नाव मिळाले, ते पाहण्यास ते उरले नव्हते.

पहिल्या उड्डाणाचा मान जगाच्या लक्षात राहतो. परंतु भर पावसात, कोणी पाहत नसताना, परक्याचे पत्र वेळेवर पोहोचविणाऱ्याची योग्यताही तितकीच मोठी आहे, असे आम्हांस वाटते. आमच्या विद्यार्थिबंधूंनी हे चरित्र याच दृष्टीने वाचावे.