आगगाडींतील अनोळखी गृहस्थ

कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एक युरोपियन गृहस्थ भेटला. काव्यावर बोलणें निघालें. शेवटीं त्यानें नव्या कराराचें पुस्तक हातीं दिलें. टिळकांस तें रुचलें नाहीं, तरी वचन दिलें म्हणून ते वाचूं लागले. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच पुस्तक खालीं ठेववेना. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. सगेसोयरे तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही कित्येक वर्षें दुरावल्या, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ सालीं प्रभूकडे गेले. गाडींतील ही हकीकत ते स्वतः सांगत.