महामारीतील मेंढपाळ : मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ

ज्यांचा सण ख्रिस्तसभा दर वर्षी ४ नोव्हेंबरला साजरा करते, त्या संत चार्ल्स बोरोमेओ यांचे चरित्र ह्या महोत्सवी पुस्तकात देण्याचे आम्ही योजिले, ह्यास कारण आहे. इ. स. २०२० साली करोनाच्या साथीत देवळांची दारे बंद झाली आणि मिस्साविना रविवार कसा असतो, हे आम्ही सर्वांनी अनुभविले. असाच प्रसंग इ. स. १५७६ साली इटलीतील मिलान नगरावर आला होता, आणि त्या नगराचे मेंढपाळपण तेव्हा ह्या संताकडे होते.

चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी माज्जोरे सरोवराच्या काठी आरोना येथे एका थोर उमराव घराण्यात झाला. त्यांचे मामा पायस चौथे ह्या नावाने पोप झाले आणि १५६० साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, भाच्याच्या मस्तकी कार्डिनलची टोपी आली. नात्यागोत्याने पदे वाटण्याची ती चाल वाईटच होती, आणि तिचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही; परंतु ह्या एका प्रसंगी तिच्यातून ख्रिस्तसभेचे कल्याण झाले, हे मान्य केले पाहिजे. १५६२ साली वडील बंधू फेदेरिको निवर्तले, तेव्हा घराण्याचा वंश चालविण्यासाठी लग्न करावे असा आप्तांचा आग्रह पडला. चार्ल्स यांनी तो मोडून १५६३ साली गुरुदीक्षा घेतली. १५६५ साली ते मिलानला राहावयास आले. तत्पूर्वी सुमारे ऐंशी वर्षे तेथील आर्चबिशप आपल्या नगरात राहत नसत! मग धर्मप्रांताची स्थिती काय झाली असेल, ते वाचकांनीच ताडावे. चार्ल्स यांनी सेमिनरी काढल्या, मुलांसाठी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळा वाढविल्या, बिघडलेल्या मठांस शिस्त लाविली. आणि त्या शिस्तीचा राग येऊन १५६९ साली एका मठवासीयाने, ते सायंप्रार्थनेत गुडघे टेकून असताना, त्यांजवर गोळी झाडली. प्रभुकृपेने ते बचावले.

१५७६ च्या ऑगस्टमध्ये मिलानमध्ये प्लेग शिरला. चार्ल्स त्या वेळी लोदी गावी होते. वार्ता कळताच ते परत फिरले. इकडे स्पेनच्या राजाचा सुभेदार नगर सोडून गेला होता व पुष्कळ उमरावांनी त्याचाच मार्ग धरिला होता. चार्ल्स यांनी प्रथम आपले मृत्युपत्र करून ठेविले आणि मग कामास हात घातला.

पूर्वेच्या वेशीबाहेर लाझारेत्तो नावाचे रोग्यांना ठेवण्याचे विस्तीर्ण आवार होते. ते लवकरच भरून गेले, आणि तटाबाहेर गवताच्या झोपड्या उभाराव्या लागल्या. रोग्यांची शुश्रूषा कोणी करावी, मरणाऱ्यांना अखेरचे संस्कार कोणी द्यावे, हा खरा पेच होता. कारण नगरातील धर्मगुरूही माणसेच होती, आणि आरंभी त्यांतील बहुतेक भयाने मागे सरले. ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. चार्ल्स यांनी संघप्रमुखांना एकत्र बोलावून त्यांना कळकळीची विनवणी केली. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांतून काही धर्मगुरू व प्रापंचिक साहाय्यक आणविले. स्वतः ते रोग्यांच्या खाटांजवळ जात. आर्चबिशप पुढे आहेत हे पाहून हळूहळू पुष्कळजण स्वेच्छेने पुढे आले. लाझारेत्तोचा कारभार कापुचिन संघाच्या पावलो बेल्लिंतानी यांनी मोठ्या कडक शिस्तीने सांभाळला.

द्रव्याचा प्रश्न तितकाच बिकट होता. चार्ल्स यांनी घरातील सामान विकले. मिरवणुकींत लागणारी रंगीत कापडे व पडदे फाडून उघड्यावागड्यांसाठी कपडे शिवविले. तेही पुरेना, तेव्हा कर्ज काढिले. ते फेडण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढिल्या. अनवाणी, गळ्यात दोरखंड अडकवून, प्रभूच्या क्रूसावरील खिळ्याचा पवित्र अवशेष हाती धरून ते पुढे चालले. आरोग्याच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नव्हते. पिसवांच्या व उंदरांच्या द्वारे हा रोग पसरतो हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. पण गर्दीचे भय अधिकाऱ्यांना होते, आणि ते निराधार नव्हते, असे आम्ही म्हणतो. तथापि चार्ल्स बेफिकीर नव्हते. रोग्यांकडे जाऊन आल्यावर ते आपल्या नोकरांना जवळ येऊ देत नसत, आणि शुद्धीसाठी शिर्का वापरीत.

त्याच महिन्याच्या अखेरीस सर्व नगरास घराबाहेर पडण्याची बंदी झाली. लोक देवळात येऊ शकत नाहीत, तर देऊळ लोकांकडे गेले पाहिजे, असे चार्ल्स यांनी ठरविले. चव्हाट्याचव्हाट्यावर वेद्या उभारल्या गेल्या, आणि लोक आपापल्या खिडकीतून मिस्सा पाहू लागले. दिवसातून सात वेळा घंटा होई. त्यासरशी रस्त्यातून धर्मगुरू प्रार्थना सुरू करीत आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून, माड्यांतून, उत्तर उठे. पापनिवेदन ऐकावयास धर्मगुरू दारोदार जात व उंबऱ्याबाहेर बसत. पुढे त्या चव्हाट्यांवर क्रूस उभे राहिले आणि आसपासचे लोक तेथे सायंकाळी एकत्र प्रार्थना करू लागले. मुंबईस १८९६ साली प्लेग आला, तेव्हा वांद्र्याच्या वाड्यांतून आमच्या पूर्वजांनीही असेच क्रूस उभारले. त्यांना मिलानची हकीकत ठाऊक होती की नव्हती, कोण जाणे! त्या क्रूसांपुढे म्हटलेल्या जपमाळा आमच्यातील वृद्धांच्या चांगल्या स्मरणात आहेत.

१५७८ च्या जानेवारीत नगर रोगमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. तोवर सुमारे १७,००० माणसे मिलान नगरात मृत्युमुखी पडली होती. चार्ल्स यांना रोगाने स्पर्श केला नाही. परंतु अखंड श्रम व उपवास यांनी देह झिजला, आणि ३ नोव्हेंबर १५८४ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्राण ठेविला. पोप पाचवे पॉल यांनी १६१० साली त्यांना संतपद दिले.

मृत्यूच्या चार वर्षे आधी, १५८० साली, कास्तिल्योने येथे बारा वर्षांच्या एका उमराव मुलास त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर दिले होते. त्याचे नाव लुइजी गोंझागा. १५९१ साली रोममध्ये साथ आली, तेव्हा हाच तरुण येशूसंघीय रस्त्यात पडलेल्या रोग्यांना खांद्यावर घेऊन इस्पितळात नेत होता. त्याच सेवेत त्यास रोग जडला, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी तो प्रभुघरी गेला.