फ्लेमिंग यांचा विसरलेला पहिला शोध

पेनिसिलिन म्हटले की अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव शाळकरी मुलांनाही आठवते. पण पेनिसिलिनच्या सात वर्षे आधी त्यांनी आणखी एक शोध लावला होता. त्याची त्या वेळी फारशी कोणी दखल घेतली नाही. आज बेडकाच्या कातडीतून नवे औषध मिळेल का, असा शोध जगभर सुरू आहे. त्याची वाट ज्यांनी दाखवली, त्यांत हा पहिला शोध मोडतो.

फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे बरीच. सात वर्षांचे असताना वडील गेले. तेरा-चौदाव्या वर्षी ते लंडनला भावाकडे राहायला आले आणि पुढे चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. मग काकांच्या वारशातून थोडे पैसे हाती आले. त्या पैशांवर त्यांनी 1901 मध्ये सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. ते उत्तम नेमबाज होते. महाविद्यालयाच्या नेमबाजी संघातून हा गडी जाऊ नये, म्हणून त्यांना तिथल्याच अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत घेण्यात आले, असे सांगतात. आले ते तिथेच आयुष्यभर रमले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या बुलोन येथे लष्करी रुग्णालयात होते. जखमी सैनिक येत. जखमा खोल, वेड्यावाकड्या, मातीने भरलेल्या. डॉक्टर त्यांत जंतुनाशक द्रव ओतत आणि तरीही जखमा चिघळत. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला टोकदार फाटे काढले आणि एक खोटी जखम तयार केली. तिच्यावर प्रयोग केल्यावर कारण उमगले. द्रव फाट्यांच्या टोकापर्यंत पोहोचत नव्हता, त्यामुळे जंतू तिथे सुखरूप राहत. उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र त्या द्रवाने मरत. जंतू मारणारे द्रव्य माणसाच्या पेशींना सुरक्षित असले पाहिजे, हा धडा त्यांनी रणांगणावरून आणला.

1921 च्या नोव्हेंबरात फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जंतू वाढवण्याच्या काचेच्या बशीत घातला. काही दिवसांनी बशीत पिवळ्या जंतूंचे ठिपके उगवले, पण शेंबडाजवळचे जंतू विरघळून गेले होते. मग त्यांनी अश्रू तपासले. अश्रूंसाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळला जाई. अश्रू, लाळ आणि अंड्याचा पांढरा बलक या सगळ्यांत तेच द्रव्य सापडले. त्याचे नाव ठेवले लायसोझाइम. ते जंतूंच्या बाहेरच्या भिंतीचे धागे कापते आणि जंतू फुटतो.

म्हणजे बाहेरून औषध येण्याआधीच शरीर स्वतःचे जंतुनाशक तयार करत असते. डोळे दिवसभर उघडे असतात, धूळ खातात, तरी रोज येत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. पण फ्लेमिंग यांनी ही माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली, तेव्हा एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. लायसोझाइम मुख्यतः निरुपद्रवी जंतूंना मारत होते. न्यूमोनिया किंवा रक्तदोष करणाऱ्या जंतूंपुढे त्याचे फारसे चालत नव्हते.

सप्टेंबर 1928 मध्ये सुटीवरून परतल्यावर एका बशीत बुरशी चढलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झालेले. बशी फेकून देता आली असती. पण असेच रिकामे वर्तुळ त्यांनी सात वर्षांपूर्वी पाहिले होते, म्हणून त्यांची नजर तिथे थांबली. त्या बुरशीतले द्रव्य म्हणजे पेनिसिलिन. 1929 मध्ये त्यांनी निबंध छापला, पण ते द्रव्य शुद्ध करणे त्यांना जमले नाही.

ते काम ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी केले. हे दोघे आधी लायसोझाइमचाच अभ्यास करत होते. तसली आणखी द्रव्ये शोधताना त्यांना फ्लेमिंग यांचा जुना निबंध सापडला. मे 1940 मध्ये उंदरांवरचा प्रयोग यशस्वी झाला. 1941 मध्ये गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिले. तो सुधारू लागला, पण औषध संपले. त्याच्या लघवीतून उरलेले औषध काढून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही आणि तो दगावला. तेव्हा औषध इतके मोलाचे होते.

1945 मध्ये तिघांना नोबेल मिळाले. त्या भाषणात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग यांच्या मते या मृत्यूला तो नवराच जबाबदार होता. 11 मार्च 1955 रोजी फ्लेमिंग वारले. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले.

पुढे ती गोष्ट खरी ठरली. सर्दीला अँटिबायोटिक, दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळी त्याच घरातल्या दुसऱ्याला, असे गावोगाव घडते. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. आता अतिदक्षता विभागात असे जंतू भेटतात, ज्यांच्यापुढे बहुतेक औषधे थकतात.

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा फ्लेमिंग यांच्या पहिल्या वाटेकडे वळले आहेत. जिवंत प्राण्यांच्या शरीरातच उत्तर आहे का, हे ते पाहत आहेत. 1987 मध्ये अमेरिकेत मायकल झॅसलॉफ यांना आफ्रिकेतल्या बेडकांबाबत एक नवल दिसले. शस्त्रक्रिया करून टाके घातलेले बेडूक ते जंतूंनी भरलेल्या पाण्यात सोडत, तरी जखमा चिघळत नसत. कातडीत त्यांना प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, सापडले. त्यांना मॅगेनिन नाव मिळाले. त्यात अमिनो आम्लांचे फक्त 23 मणी असतात. लायसोझाइमची माळ 129 मण्यांची आहे. मॅगेनिन जंतूच्या पातळ आवरणाला भोके पाडते. सोनगीरच्या तांबटाने घडवलेल्या हंड्याला चाळणीसारखी भोके पडली तर पाणी जसे वाहून जाईल, तसे जंतूच्या आतले सगळे बाहेर येते.

आपल्या पश्चिम घाटातला बहुविस्तारा नावाचा बेडूकही यात आहे. केरळमध्ये मिळालेल्या या बेडकांच्या कातडीतल्या एका पेप्टाइडने प्रयोगशाळेत फ्लूच्या एका गटातले विषाणू नष्ट केले आणि उंदरांना वाचवले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पेप्टाइडला केरळच्या लवचिक तलवारीवरून उरुमिन नाव दिले.

मात्र औषधाच्या दुकानापर्यंतची वाट लांब आहे. मॅगेनिनवरून बनवलेले मधुमेही पायाच्या जखमेचे मलम चाचण्यांत पुढे गेले, पण 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही, कारण आधीच्या औषधापेक्षा ते सरस ठरले नाही. रक्तात गेल्यावर पेप्टाइड लवकर तुटतात, काही आपल्याच पेशींना इजा करतात आणि बनवायला महाग पडतात. बुलोनच्या जखमांनी शिकवलेली अट इथेही लागू आहे. म्हणून बेडूक पकडून जखमेवर चोळण्याचा उद्योग कोणी करू नये. काही बेडकांचे द्रव्य विषारी असते.

नवे औषध येईल तेव्हा येईल. ते आल्यावरही जंतू त्याला निर्ढावू शकतील. जंतूंनी जुन्या पेप्टाइड औषधांनाही दाद देणे थांबवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस घ्यावे, न सांगता घेऊ नये आणि उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये. आज हातात असलेली औषधे टिकतील ती यानेच.